शेवंताबाईंचा दोष

परक्या गावी पोचल्यावर शेवंताबाई सामान खाली ठेवण्याआधी तिथल्या एखाद्या बाईला गाठायच्या आणि विचारायच्या, "बाई, इथं कुठं जाऊ नये?" शाळेची सहल रामटेकला गेली, तेव्हा तलावाकाठी फुलं विकणाऱ्या म्हातारीकडून त्यांनी शेवाळलेल्या पायऱ्या आधी माहीत करून घेतल्या आणि दिवसभर एकाही मुलीला तिकडे फिरकू दिलं नाही. आम्ही बाकीच्या शिक्षिका हसायचो. त्या म्हणायच्या, "हसा वं. पाव्हण्याले घरचा खड्डा दिसत नाही. घरच्याले इचारा लागते."

त्या मूळच्या खाप्याच्या, कन्हान नदीच्या पाण्यात वाढलेल्या, पट्टीच्या पोहणाऱ्या. छप्पन साली वडिलांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मुलीचं शिक्षण थांबू दिलं नाही, हे त्या अभिमानानं सांगत.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दिवाळीच्या सुटीत आम्ही चौघी शिक्षिका गोव्याला गेलो. नुकताच नोकरीला लागलेला माझा धाकटा भाऊ दिलीप सोबत होता. समुद्र आम्ही कुणीच पाहिला नव्हता. माडांच्या बनात खोल्या घेतल्या आणि शेवंताबाई लगेच एका मासेवालीशी बोलून आल्या. खडकापलीकडचं पाणी वरून शांत दिसतं, पण ओहोटीला माणसाला आत ओढून नेतं, असं तिनं सांगितलं होतं. दिलीप म्हणाला, कन्हान पार करणाऱ्या बाईंना कसली भीती? त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "कन्हान माह्या ओळखीची आहे, बाबू. हा समुद्र मले ओळखत नाही."

तिसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला. आम्ही समुद्राकडे निघालो तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. "दिलीपले खडकाकडं जाऊ देऊ नको. तो तुह्यंच ऐकन."

मी हो म्हटलं. किनाऱ्यावर बसल्यावर दिलीप खडकाकडे निघालेला मला दिसला. सकाळीच मी त्याला कशावरून तरी रागावले होते आणि तो फुगून बसला होता. पुन्हा चारचौघींत हाक मारून अडवायचं माझ्या जिवावर आलं. जाऊन येईल, असं मनाशी म्हटलं. थोड्या वेळानं दूर पाण्यात त्याचा हात तेवढा दिसला. कोळ्यांनी होडी घातली. आरडाओरडा ऐकून शेवंताबाई तापातच धावत आल्या आणि पाण्यात शिरू लागल्या. दोन कोळिणींनी त्यांना धरून ठेवलं. संध्याकाळी दिलीपला बाहेर आणलं, तेव्हा त्याच्यात जीव नव्हता.

नागपूरला आल्यावर आईनं एकच विचारलं, "कोणी सांगतलं नाही काय त्याले?" दाराशी उभ्या असलेल्या शेवंताबाई म्हणाल्या, "मले माहीत होतं, आई. सांगाचं मीच विसरली."

आई त्यांना तोंडाला येईल ते बोलली. त्यांची जातही काढली. शेवंताबाई मान खाली घालून सगळं ऐकत राहिल्या. मी तिथंच होते.

शाळा सुरू झाल्यावर मी त्यांना म्हटलं, मी आईला खरं सांगते. त्यांनी माझा हात दाबला. "तुह्या मायचा लेक गेला. आता पोरगीही काहून हिसकतं तिची? मी परकी आहे. माह्यावर राग धरून ती जगन."

मला ते पटलं. खरं म्हणजे सोयीचं वाटलं. पुढं सात-आठ वर्षं त्या रस्त्यात दिसल्या की आई तोंड फिरवून घ्यायची. शेवंताबाई मला मात्र रोज विचारायच्या, आई जेवते ना, झोपते ना.

मूत्रपिंडाच्या आजारानं त्या गेल्या. ती बातमी सांगताना माझ्यानं राहवलं नाही. मी आईला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "इतक्या वर्षांत एका शब्दानं बोलली नाही ते बाई."

ती धुतलेलं लुगडं नेसून माझ्याबरोबर त्यांच्या घरी आली. अंगणात शेवंताबाईंच्या देहाभोवती पांढऱ्या साड्यांतल्या बायका बसल्या होत्या. आईला पाहून शेवंताबाईंची मुलगी उठून उभी राहिली. आईनं शेवंताबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं आणि ती उठेचना. शेवटी त्या मुलीनंच तिला दंडाला धरून उठवलं आणि आपल्याजवळ बसवून घेतलं.

परतताना मी रिक्षा थांबवली. आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती पायीच घराकडे निघाली.