सुनेच्या दहावीचा सत्कार

लग्नापायी शाळा सुटलेल्या बायकांना मी मोताळ्याजवळच्या एका गावात दहावीला बसवायची. त्यांतल्या एकीचा सासरा, सुनेला शिकवायचं म्हटलं की, मला दरवेळी दारातूनच वाटेला लावायचा. "मंग सोयाबीन सोंगाले का तुम्ही येता?" असं कापणीचं निमित्त काढून वर विचारायचा. सून मात्र दळणाचा डबा घेऊन निघायची, तो चक्कीवर ठेवायची आणि पीठ होईपर्यंत माझ्या ओसरीवर बसून गणितं सोडवायची. अशी ती पास झाली.

लगेच चौकात फ्लेक्स लागला. त्यावर फेटा बांधलेला सासरा बैलाएवढा आणि सून कोपऱ्यात, टिकलीएवढी. शाळेच्या पटांगणात सत्कार झाला तोही त्याचाच. शाल, नारळ, टाळ्या, सगळं त्यालाच. "म्या सुनेले पोरीवानी शिकवलं," असं तो माईकवर बेशरमपणे म्हणाला आणि अख्खं गाव गहिवरलं. सून तेव्हा मंडपामागे त्याच गावासाठी चहा गाळत होती.

कार्यक्रम संपल्यावर मी त्याला गाठलं. "मग काका, आता अकरावीला नाव टाकायचं ना?"

त्याने खांद्यावरची शाल सारखी केली. "आता कायले, मॅडम? सत्कार तं झाला ना!"