पटाखालचं चुंबक

अमरावतीच्या आमच्या घरात, समोरच्या खोलीत, पिनबॉलचं यंत्र आहे: काचेखाली उतरता पट, त्यावर घरंगळणारा पोलादी चेंडू, आणि तो खालच्या भोकात जायच्या आत बटण दाबून वर उडवायला डावीउजवीकडे एकेक दांडी, म्हणजे फ्लिपर. अकोल्यातलं व्हिडिओ गेमचं एक दुकान बंद झालं तेव्हा बाबांनी ते टेम्पोत घालून आणलं. त्यांचा जन्म लाइनमन म्हणून विजेच्या खांबांवर गेलेला. निवृत्तीनंतर त्यांनी ते मेलेलं यंत्र एकेक तार बदलून उठवलं. संध्याकाळी आम्ही खेळायचो आणि मी हरायचे.

मग बाबांना लकवा झाला. डावा हात गेला, थोडा परत आला. फिजिओथेरपीच्या मॅडमनी बोटांचे व्यायाम दिले, रोज दोनदा. पण खेळताना चेंडू डावीकडे आला की बाबांचं बोट बटणावर पोचेपर्यंत तो खालच्या भोकात गेलेला असे.

"अजून एकदा खेळा ना, बाबा."

"राहू दे वं. हात मेला माहा."

मला ते पाहवेना. लोखंडी बोल्टवर तांब्याची तार गुंडाळून मी विजेचं चुंबक केलं आणि बाबा दवाखान्यात गेले असताना ते पटाखाली, डाव्या फ्लिपरच्या जरा वर बसवलं. पोलादी चेंडू तिथे क्षणभर अडायचा, मग सावकाश खाली उतरायचा. तेवढ्यात बोट पोचायचं. मी बाबांना सांगितलं नाही.

आणि मी कोण? अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाचत वाढलेली, तसली पत्रकं लिहिणारी. बार्शीटाकळीच्या बाजारात लकवा उतरवणाऱ्या महाराजाविरुद्ध स्टुलावर उभी राहून ओरडलेली, की खोटी आशा देणारा माणूस खरा उपचार बंद पाडतो, म्हणून तो गुन्हेगार आहे!

बाबा जिंकू लागले. शेजारच्या काकांना बोलावून दाखवू लागले.

"पाहा, कसा चालून राहिला हात!"

"व्यायाम करता का नाही?" काकांनी विचारलं.

"आता कायले? हात तं आला."

मी दारातच उभी होते. पुढच्या आठवड्यात खरं सांगू, मनाशी म्हटलं. असे तीन महिने घालवले.

तपासणीत मॅडम म्हणाल्या, बोटं आखडलीत. बाबा त्यांच्याशी भांडले. "मी घरी रोज जिंकून राहिलो, मॅडम!"

घरी येऊन मी काच काढली, पट उचलला. जुन्या लाइनमनला समजावावं लागलं नाही. त्यांनी उजव्या हाताच्या बोटानं बोल्टवरची तार चाचपली.

"आवाज येत होता मले," ते म्हणाले. "वाटलं, आतला रिलेचा जुना खटका असंन."

मी माफी मागितली. ते म्हणाले, "महाराजाकडे तरी लोक आपल्या पायानं जातात, बेटा."

ते चुंबक मी त्याच दिवशी काढलं. व्यायाम आता मी करून घेते. मधलं बोट सरळ होत नाही, कदाचित होणारही नाही. जोर लावला की बाबा कळवळतात, मग घाम पुसून विचारतात, "आज जरा जास्त उघडलं का?"

"नाही, बाबा," मी म्हणते.