आठ बोटांची वेबसाइट

एकदा मी एका ओळीत अख्खी वेबसाइट पुसून टाकली होती. तेव्हा मी साठीची कोवळी पोर. शाळेतून नुकतीच निवृत्त झालेली, बाईपणाचा ताठा अजून मानेतून उतरला नव्हता. काढायच्या होत्या फक्त चाचणीच्या चार नोंदी. पण काळ्या पडद्यावर असला हुकूम लिहिला की मशीन दर वेळी विचारायचं, खात्री आहे ना? आयुष्यभर मी पोरांना प्रश्न विचारले, आता हे डबडं मला विचारणार? हुकमाच्या शेवटी 'यस' जोडलं की ते विचारत नाही, असं शकूच्या वहीत लाल शाईने लिहिलं होतं. लाल शाई कशासाठी असते हे मास्तरीणबाईंना कळू नये! मी 'यस' जोडलं. आणि चार नोंदी काढण्याऐवजी सगळंच रिकामं करण्याचा हुकूम दिला. मशीनने निमूटपणे ऐकलं.

त्या वेबसाइटची मालकीण, माझी मैत्रीण शकू, सहा आठवड्यांपूर्वी गेली. तिच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी काळेवाडीत कोथिंबिरीच्या जुडीवरून भांडत होते. जुडी तिथेच राहिली...

शकू चाकणजवळच्या गावातली. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेसवर होती. तिथे उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि कागदावर कारण लिहिलं गेलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. हे दोन शब्द तिला बोटांपेक्षा जास्त दुखले. पुढे राजगुरुनगरला कॉम्प्युटरच्या क्लासला गेली, तर सर म्हणाले, "मावशी, तुम्हाला माऊस धरता येणार नाही, राहू द्या." ही म्हणाली, "माऊसबिगर चालत न्हाई का?" सरांनी थट्टेने काळा पडदा उघडून दिला, नुसते हुकूम लिहायचा. झालं! त्यानंतर तिने माऊसला हात लावला नाही. "उंदीर धरायला मांजर लागतंय," म्हणायची, "हुकूम द्यायला आठ बोटं बास झाली."

त्याच आठ बोटांनी तिने वेबसाइट उभी केली. कुठल्या वर्कशॉपात कुणाचं बोट गेलं, प्रेसला हात वाचवणारा गार्ड होता का, मशीन कुणी चालू ठेवायला लावलं, ते जखमी माणसाच्या शब्दांत. बायका फोनवर सांगायच्या, मी लिहून घ्यायची, आणि सकाळी सहाला शकूने लिहून ठेवलेले हुकूम आपोआप चालायचे. सगळ्याची एक प्रत काढून तिच्या घरच्या डिस्कवर ठेवायची, नव्या नोंदी चढवायच्या आणि मला मेल पाठवायचा. शकू झोपलेली असली तरी काम चालू. "मी नसले तरी हे थांबाय नको," हा तिचा हट्ट. मी चिडवायची, "शकू, तू काय अमर व्हायला निघालीस?" ती म्हणायची, "मी न्हाई, यादी."

तेराव्याला एक वर्कशॉपवाले शेठ आले. हात जोडून मला म्हणाले, "आजी, ताई गेल्या. आता ते बंद करून टाका. उगाच लोकांच्या धंद्याची बदनामी." मी म्हटलं, "शेठ, तुमच्या नोंदीत शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. कालच दुरुस्त केल्या. आता जास्त स्वच्छ वाचता येते." ते जेवायला थांबले नाहीत. वाढलेलं ताट मी खाल्लं.

सकाळी सहाचा मेल अजून येतो. शकूनेच लिहिलेली ओळ: 'प्रत घेतली. चा पी.' मी चहा पिते आणि फोनवर आलेल्या नव्या नोंदी लिहायला बसते.

वेबसाइट पुसली त्या दिवशी मी तिच्या खोलीत रिकाम्या पडद्यासमोर रडत बसले होते. शकूने आधी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उजवा पंजा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "माज्या प्रेसला दोन बटणं व्हती. दोन्ही हातांनी दाबल्याबिगर प्रेस खाली यायची न्हाई. माल लवकर निघावा म्हणून सुपरवायझरनं एका बटणात खुंटी ठोकली. तू तर तुजी खुंटी सोताच ठोकलीस, विमे. माजी बोटं काय परत आली न्हाईत. हे येतंय, सकाळची प्रत हाय. रडू नगं, खुर्ची बी सोडू नगं, तूच बस. आन् या बारीला त्यानं विचारलं, तर नीट वाचून मग हो म्हण."