बिनसाखरेची कॉफी

बंगळूरच्या बसवनगुडीतल्या विमलाक्कांना मधुमेह आहे, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. हळदीकुंकवाला गेल्या तरी त्या दाराशी उभ्याच राहायच्या आणि लगेच परतायच्या. शुगर आहे, सारखं जावं लागतं, म्हणायच्या. मग घरोघरी त्यांच्यासाठी बिनसाखरेची कॉफी वेगळी निघे, आणि ताटलीतली होळिगे, म्हणजे पुरणपोळी, कुणीतरी मायेनं उचलून घेई.

युगादीला सून सुप्रीतानं त्यांना दाराआड उभ्यानं होळिगे खाताना पकडलं. ती रागावली, पाय कापायची पाळी आणाल म्हणाली. विमलाक्कांनी उरलेली होळिगे खाली ठेवली.

“शुगर नाही गं मला,” त्या म्हणाल्या. “कधीच नव्हती.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गर्भाशय काढल्यापासून त्यांची लघवी गळत होती, थेंब थेंब, दिवसरात्र. आत जुन्या लुगड्यांच्या घड्या, कपाटात कापूर, बसायला मोरीजवळचं प्लॅस्टिकचं स्टूल. या वयात बायकांचं असंच होतं, अशी त्यांनी समजूत घातली होती. नवऱ्यालाही, बिंदुमाधवरावांना, मधुमेहच सांगितला होता.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामध्ये छिद्र पडलं होतं. असं क्वचितच होतं, पण पोट उघडून शिवता येतं, त्या म्हणाल्या. दुखणं मात्र जुनं. टाके धरतीलच, असा भरवसा त्या देईनात.

“नाही धरले तर?”

“काही महिने थांबून पुन्हा शिवू.”

“त्यापेक्षा शुगर बरी होती,” विमलाक्का पुटपुटल्या. तरी त्यांनी अंगठा न उठवता चांगली सही केली.

ऑपरेशननंतर लघवीची नळी होती तोवर त्या कूस बदलायलाही भ्यायच्या. नळी निघाली त्या दिवशी सुप्रीतानं त्यांना हाताला धरून सोफ्यावर बसवलं. त्या काठावरच टेकल्या. तेवढ्यात शेजारची भाग्यलक्ष्मी कॉफी घेऊन आली, नेहमीसारखी बिनसाखरेची.

“भाग्या, स्वल्प साखर घाल गं.”

“आणि शुगर, अक्का?”

विमलाक्कांनी सुनेकडे पाहिलं. सुनेनं भाग्यलक्ष्मीसाठी खुर्ची पुढे ओढली.

“ते दुखणं नव्हतं. दुसरंच होतं. बस, सांगते.”

सांगता सांगता त्यांनी पदराखालून गादीवर हात फिरवला. कोरडी होती. दोन वाक्यं झाली, आणि त्यांनी पुन्हा हात फिरवला.