यशवंतपुरातला समुद्र

बेंगळुरूहून जवळचा समुद्र गाठायला अख्खा दिवस मोडतो. तरीही माझी थोरली बहीण, आमची अक्का, यशवंतपूरच्या एका कारखान्यात दोन वर्षं समुद्र सांभाळत होती.

पत्र्याच्या शेडमध्ये दोन टाक्या होत्या. एकीत अठ्ठावीस अंशांचं पाणी, म्हणजे उष्ण प्रदेशातल्या समुद्राचा वरचा थर. दुसरीत सहा अंशांचं, म्हणजे त्याच जागी किलोमीटरभर खोल असलेलं पाणी. मध्ये अक्काचं यंत्र. फ्रिजमध्ये असतो तसा, चटकन उकळणारा द्रव त्यात फिरायचा. कोमट पाण्याच्या उष्णतेने त्याची वाफ व्हायची, वाफ एक लहान टर्बाइन फिरवायची, गार पाण्याने तिचा पुन्हा द्रव व्हायचा. खऱ्या समुद्रावर हेच मोठ्या आकारात करता येतं. इंधन लागत नाही, धूर होत नाही, आणि सूर्य मावळला म्हणून समुद्र गार पडत नाही, त्यामुळे वीज रात्रीही मिळते.

अडचण एकच. कोळशाच्या वीजकेंद्रात शेकडो अंशांचा फरक हाताशी असतो, इथे जेमतेम बावीस. एवढ्याशा फरकातली उष्णता एका बाजूकडून दुसरीकडे न्यायची तर मधले धातूचे पत्रे पातळ, विशिष्ट नागमोडी घडीचे आणि अगदी स्वच्छ हवेत. हे पत्रे अक्काने घडवले होते. ती मेकॅनिकल इंजिनिअर. कारखान्याचा मुख्य धंदा डेअऱ्यांना दूध तापवण्या-गार करण्याचे पत्रे पुरवण्याचा. समुद्राचं काम तिने मागून घेतलं होतं.

घरी त्याची थट्टा व्हायची. आमचं घराणं शिवाजीराजांच्या वडिलांच्या काळात फौजेबरोबर इकडे आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी बोलतात, पण भांडण अर्ध्यावर गेलं की कानडीत शिरतात. काकांनी एकदा तिला जेवताना गाठलं.

"ते गार पाणी कशाने करतेस?"

"चिलरने."

"चिलर कशावर चालतो?"

"विजेवर."

"म्हणजे वीज जाळून वीज करतेस. सरी, सरी, बरोबर आहे. वाढ गं हिला अजून भात, देशाचं काम करते."

अक्का हसली. "काका, समुद्रात गारवा फुकट आहे. इथे मी फक्त पत्रे तपासते."

तपासायचं कारण होतं. एका बेटावर डिझेल जाळून वीज करतात. डिझेलची बोट चुकली की बेटावर अंधार. तिथे या पद्धतीचं छोटं केंद्र उभारायचं की नाही, हे ठरवणारी एक समिती यंत्र बघायला येणार होती. अक्काचं म्हणणं मी अनेकदा ऐकलं होतं: वीज थोडी दिसली तरी चालेल, पण खरी दिसली पाहिजे. खोट्या आकड्यावर केंद्र उभं राहिलं तर ते बेटावर बंद पडेल, आणि एकदा बंद पडलं की पुढची वीस वर्षं या कामाला दारात कोणी उभं करणार नाही.

समिती यायच्या आधी खंडेनवमी आली. इकडे तिला आयुधपूजा म्हणतात आणि बेंगळुरूतल्या कारखान्यांत तिच्याएवढा मोठा सण दुसरा नसतो. लेथला झेंडूच्या माळा, ट्रकच्या चाकाखाली लिंबं, फाटकाशी कुंकू भरून फोडलेला कोहळा. त्या दिवशी हत्यार चालवायचं नाही, हे आमच्या घरीही पाळतात. अक्काने स्वतःच्या हाताने पंप बंद केला, कंट्रोल पॅनेलला हळद-कुंकू लावलं, आपलं मोजमापाचं कॅलिपर पाटावर ठेवलं आणि घरी आली. पुढे दसरा आणि रविवार. यंत्र तीन दिवस निपचित होतं.

ती गेल्यावर शेडची देखभाल करणाऱ्या मेस्त्रीने समुद्राला बागिन दिलं.

बागिन म्हणजे सुपातून द्यायचं वाण. कावेरीवरचं धरण भरलं की नदीला ते देतात, मोठमोठे लोक देतात, टीव्हीवर दाखवतात. शेडमधले सगळे त्या कोमट टाकीला समुद्रच म्हणायचे. एवढ्या मशीनना हार घातले आणि समुद्राला काही नाही, हे मेस्त्रीला बरं वाटलं नाही. त्याने बायकोकडून सूप मागवलं. तांदूळ, गूळ, बांगड्या, हळद-कुंकू, नारळ, सगळं सुपासकट रीतसर टाकीत सोडलं आणि वरून तांब्याभर दूध ओतलं. सुट्टी संपल्यावर सकाळी लवकर येऊन त्यानेच सूप बाहेर काढलं, आणि अक्काला तयार मिळावं म्हणून पंपही सुरू केला.

अक्का पोहोचली तेव्हा ते पाणी तासभर पत्र्यांमधून फिरत होतं. टर्बाइन रखडत होतं. तिने टाकीच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट बुळबुळीत झालं.

तिने मेस्त्रीला विचारलं. त्याने लगेच सांगितलं, लपवण्यासारखं काही केलंय असं त्याला वाटतच नव्हतं. तो कानडीत बोलला, "अक्का, डेअरीचे पत्रे रोज धुतात, ते मला माहीत आहे. दूध नासतं. पण समुद्र कुठे नासतो? मीठ असतं ना त्यात."

"यात मीठ नाही अण्णा. पंप गंजेल म्हणून घातलंच नाही. बोअरचं पाणी आहे हे."

"मग समुद्र का म्हणता?"

तीन दिवस कोमट, गोड, थांबलेल्या पाण्यात जे वाढायचं ते वाढलं होतं आणि आता प्रत्येक पत्र्यावर त्याचा थर बसला होता. चूक मेस्त्रीची होती, आणि पंप बंद ठेवून गेलेल्या अक्काचीही. तिने ती त्याच दिवशी संचालकाच्या खोलीत जाऊन सांगितली. पत्रे सोडवून, धुऊन, नवीन गॅस्केट घालून पुन्हा आवळायला आठवडा लागेल. समितीला आठवड्याने बोलवा.

इथपर्यंत कोणावर रागवावं असं काही घडलेलं नव्हतं.

संचालक पुण्याहून आलेला. मराठी माणूस म्हणून अक्काशी मराठीतच बोलायचा. तिने मला तो संवाद त्याच संध्याकाळी सांगितला.

"मॅडम, त्यांची तिकिटं बुक झालीत. पोस्टपोन कसं करणार? टेंपरेचर वाढवा ना थोडं."

"किती?"

"तुम्ही एक्सपर्ट. दिवे मस्त लागले पाहिजेत, दॅट्स ऑल."

"मग तो समुद्र राहत नाही, सर."

"अहो, डेमो आहे, पीएचडीचा व्हायवा नाही. लग्नाच्या फोटोत मेकअप करतात ना? नवरी तीच असते."

तिने थर्मोस्टॅटला हात लावला नाही. समिती येण्याच्या दिवशी सकाळी दुसऱ्या कोणीतरी लावला. तापमान दाखवणारा डिस्प्ले 'बिघडला' म्हणून त्यावर खंडेनवमीचा उरलेला झेंडूचा हार टाकला होता.

मी सुट्टी घेऊन गेले होते, मागे उभी होते. मी इंदिरानगरमधल्या एका वर्तमानपत्राच्या कार्यालयात बातम्या तपासते. तिथे माझं काम नव्हतं, अक्काने ये म्हटलं म्हणून गेले. पाहुणे देवनहळ्ळीच्या विमानतळावरून थेट आले. फाटकाशी रांगोळी, हातात नारळपाणी. संचालकाने बटण दाबलं आणि भिंतीवरचे सगळे दिवे लख्ख पेटले. टाळ्या झाल्या. एका पाहुण्याने दिव्यांसमोर उभं राहून फोटो काढून घेतला. वाफेने टाकीच्या वरच्या पत्र्यावर थेंब धरले होते. ते सगळ्यांना दिसत होते.

मग अक्काला पत्र्यांबद्दल दोन शब्द बोलायला सांगितलं.

ती समितीतल्या सर्वांत वयस्क गृहस्थांना इंग्रजीत म्हणाली, "सर, भाषणापेक्षा एक करा. या समुद्रात हात घालून बघा."

त्यांनी बाही सरकवून हात घातला आणि झटक्यात काढला.

"हे तर आंघोळीचं कढत पाणी आहे."

"हो सर. कोणत्या बेटाजवळ असा समुद्र असतो?"

मग संचालक मोकळेपणाने हसला. "मे महिन्यातला समुद्र समजा, सर!" आणि बाकीचे हसले. तो हशा मी विसरलेले नाही. एका माणसाचा हात भाजता भाजता राहिला होता, आणि शिकल्यासवरल्या, पदं असलेल्या माणसांनी त्यावर हसून घेतलं, कारण हसणं सोयीचं होतं. पुढे जेवण होतं.

वयस्क गृहस्थ हसले नाहीत. रुमालाने हात पुसत त्यांनी अक्काला विचारलं, "मग खरी वीज किती?"

"आत्ता पत्रे घाण आहेत, आमच्याच चुकीने. आठवड्यात धुऊन दाखवते. एक दिवा लागेल, सगळे नाही. पण तो लागेल."

"मग आम्हाला आठवड्याने का नाही बोलावलं?" हे त्यांनी संचालकाकडे वळून विचारलं.

"सर, लंच थंड होतंय," संचालक म्हणाला.

बाकीचे गेले. गृहस्थही गेले. त्यांनी विचारलेला प्रश्न रास्त होता आणि उत्तर घेतल्याशिवाय ते जेवायला गेले, याचा मला संचालकापेक्षा जास्त राग येतो. संचालक खोटं विकत होता, तो त्याचा धंदा. यांच्या हाताला चटका बसला होता.

दुसऱ्या दिवशी तो लख्ख दिव्यांचा फोटो आमच्याच कार्यालयात आला. खाली ओळ होती: समुद्राच्या उष्णतेवर उजळले दिवे. मी वृत्तसंपादकाकडे गेले, जे पाहिलं ते सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"तुझी बहीण तिथे काम करते ना? मग तू या बातमीपासून लांब राहा."

नियम बरोबर होता. मी तो नव्या लोकांना शिकवलेला आहे. "मग दुसऱ्या कोणाला पाठवा. पाण्यात हात घालायला सांगा," मी म्हणाले. त्याने फोटो लावला. कोणाला पाठवलं नाही.

अक्काने त्याच आठवड्यात मेस्त्रीला घेऊन पत्रे धुतले. मेस्त्री एक एक पत्रा उजेडाकडे धरून बघायचा. टाकीत अठ्ठावीस अंशांचं ताजं पाणी भरलं, डिस्प्लेवरचा हार काढला, आणि एक दिवा लागला, तिने सांगितला होता तसा. तिने समितीला बोलावणं धाडलं, त्या गृहस्थांना फोन केला. ते म्हणाले, कळवतो. कळवलं ते इतकंच की विषय तूर्त स्थगित आहे. सादर झालेल्या निकालांविषयी शंका असल्यामुळे. म्हणजे ज्याने पाणी तापवलं त्याच्याबद्दलची शंका जिने ते सांगितलं तिच्या कामाला चिकटली. बेटावर डिझेलची बोट जातेच आहे. अक्काला पुन्हा डेअरीकडे पाठवलं, आणि संचालक यावर्षी एका परिषदेत हरित ऊर्जेवर बोलून आला.

परवाच्या खंडेनवमीला मी तिच्याबरोबर कारखान्यात गेले होते. शेडमधल्या यंत्रावर ताडपत्री आहे, टाक्या कोरड्या. मेस्त्री बाकीच्या मशीनना हार घालून झाल्यावर सूप घेऊन दाराशी घुटमळत होता. वर्षभर त्याने हा विषय काढला नव्हता.

"अक्का," तो म्हणाला, "स्वल्प हळद-कुंकू तरी?"

"घाल की," अक्का म्हणाली. "गूळपण घाल, दूधपण घाल. आता नासायला काय उरलंय?"

त्याने तिच्याकडे बघितलं, मग ताडपत्रीकडे. सूप तसंच भरलेलं परत घेऊन गेला.