रांजणाचं पाणी

आमच्या ह्यांना थंड पाण्याचं वेड लागलं ते जालन्याच्या स्टेशनावर. कापसाच्या गाड्या घेऊन गेले होते, तिथं कुणा मुसाफिरानं वाचून झालेलं एक उर्दू चोपडं ह्यांच्या हातात दिलं. निजामाच्या शाळेत उर्दू शिकलेला आमच्या घरात हा एकटाच माणूस. त्यामुळं त्यात खरोखर काय लिहिलंय हे पडताळायची सोय नव्हती. थंड पाण्यानं रगा, म्हणजे शिरा, आवळतात, मग फुलतात, दौरान-ए-खून, म्हणजे रक्ताचं फिरणं, तेज होतो, दिल पोलादी होतं, हे मी भाकरी थापताना इतक्या वेळा ऐकलं की माझं डोकं उठलं.

पौषाच्या थंडीत हे रोज पहाटे पोहरा आणि दोर घेऊन शेतातल्या विहिरीवर जायचे, अंघोळ करून उघड्या छातीनं गावातून परत यायचे. आता हिवाळ्यात पहाटे विहिरीच्या पाण्यातून वाफा निघतात. ते पाणी कोमट असतं. आम्ही बाया थंडीत बोटं शेकायला पोहऱ्यात बुडवत होतो. हे मी ह्यांना एकदा नाही, चारदा सांगितलं. चोपड्यात तसं लिहिलेलं नाही, म्हणाले. मीही नाद सोडला. पाणी त्यांचं, अंगही त्यांचं.

पण मग गाडी सासऱ्यांकडे वळली. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. मामांच्या पायावर सूज असायची, उंबरा ओलांडला तरी धाप लागायची. भोकरदनच्या हकिमांनी नाडी बघून दिल कमजोर असल्याचं सांगितलं होतं, गारठ्यापासून जपा म्हणाले होते. त्या वर्षी शाळू हुरड्यात आला होता आणि मामांना एकदा तरी आपल्या पायांनी शेतात जायचं होतं. मुलगा म्हणाला थंड पाण्यानं जमेल, बापानं लगेच मान डोलावली. आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला!

विहिरीपर्यंत मामांना नेणं शक्य नव्हतं, म्हणून अंगणातल्या रांजणातलं पाणी घेतलं. रात्रभर उघड्यावर राहिलेलं ते पाणी. त्यानं भांडी घासताना माझी बोटं बधिर व्हायची. पहिला तांब्या पाठीवर पडला आणि मामांचा श्वास वरच्या वर अडकला. ओठ निळसर झाले, हात छातीवर गेला. मी धावत जाऊन त्यांना घोंगडीत गुंडाळलं, चुलीपाशी बसवलं, तळपाय चोळत राहिले. बऱ्याच वेळानं त्यांच्या तोंडावर रंग आला. मामा नुसते आढ्याकडे बघत होते.

हे मात्र खुशीत होते. "रगा खुलून राह्यल्या," मला म्हणाले. "पहिल्या दिवशी असंच होतं. उद्या बराबर बघ."

उद्या! मला इतका संताप आला की हातातली परात मी आपटली. दिवसभर विनवण्या केल्या, भांडले, जेवले नाही. ह्यांच्यावर ढिम्म परिणाम नाही. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी पोहरा आणि दोर कडब्याच्या गंजीत खुपसून ठेवला. मामा न्हाणीच्या दगडावर येऊन बसले होते. आधी मुलाची अंघोळ, मग बापाची, असा ह्यांचाच नेम होता. पोहऱ्यासाठी ह्यांनी सगळं घर उलटंपालटं केलं.

मी आतूनच म्हटलं, "पोहरा गावत न्हाई तर रांजणातलं घ्या. तुम्हाला काय, थंड ते थंडच."

बापासमोर माघार कशी घेणार? ह्यांनी तांब्या भरला आणि भसकन डोक्यावर ओतला. तोंड उघडं राहिलं, आवाज फुटेना. दोन्ही हात छातीशी धरून खालीच बसले. तांब्या घरंगळत माझ्या उंबऱ्यापाशी आला. मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती.

मामा धडपडत उठले, आपल्या अंगावरची घोंगडी काढून त्यांनी मुलाच्या खांद्यावर टाकली.

"सूनबाई, जल्दी पानी तापव," ते म्हणाले. "आधी त्याला दे."

मी चुलीत लाकडं सारली. डोळ्यांतलं पाणी धुरामुळं नव्हतं, रागामुळं होतं. काल स्वतःचा जीव घाबरा झाला होता, तेव्हा या माणसानं गरम पाणी मागितलं नव्हतं.