लाट येतीय की जातीय

मी नांदेडला संशोधन करत होते, त्या वर्षीच्या दुष्काळात उदगीरला, आमच्या घरी, तीन-तीन आठवडे नळाला पाणी येत नव्हतं. माझं काम मात्र ध्रुवाजवळच्या समुद्राचं. तिथं पाण्यावर बर्फ धरतो आणि लाटा त्या बर्फातूनही पुढं सरकतात. उपग्रहावरच्या रडारला ढग, अंधार आडवे येत नाहीत. त्याच्या चित्रात लाटा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांसारख्या दिसतात. ते पट्टे मी मोजायची.

एका चित्रात लाटा बर्फातून बाहेर, मोकळ्या समुद्राकडं चालल्यात, असं मला आढळलं. सहसा असं होत नाही; लाटा समुद्रातून बर्फात शिरतात. माझे मार्गदर्शक सर खूश झाले. परिषदेसाठी निबंध पाठवला, तो स्वीकारलाही गेला.

त्या शनिवारी घरी गेले. आईबरोबर घागरी घेऊन टँकरपुढं उभी राहिले. उदगीर वेगळा जिल्हा झाला की पाणी येईल, असं शेजारचे काका सांगत होते.

"जिल्हा काय घागरीत भरावा का?" आई म्हणाली. लोक हसले. मी मोबाइलवर ते चित्र उघडून बसले होते.

अप्पा, माझे वडील, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. दुपारी त्यांना चित्र दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाले, "फोटो एकच हाय न्हं?"

"हो."

"मग लाट येतीय की जातीय, हे कशावरून ठरवलंस?"

त्या एका चित्रावरून प्रोग्रामनं एकमेकींच्या उलट अशा दोन दिशा दिल्या होत्या. मी पहिली उचलली होती.

रविवारी सकाळीच नांदेडची एसटी धरली. "आलीस तरी कशाला मग?" आई चिडली. देगलूर, नायगाव, गाडी प्रत्येक थांब्यावर रेंगाळत होती आणि मी सीटवर नुसती चुळबुळत होते.

रडारच्या एकाच फेरीतून क्षणभराच्या अंतराची दोन चित्रं वेगळी काढता येतात; लाट कुठं सरकली ते त्यांत दिसतं. किचकट म्हणून मी ते टाळलं होतं. आता तीन दिवस तेच केलं. लाटा बर्फात आतच चालल्या होत्या, नेहमीसारख्या.

सरांच्या दारावरून दोनदा परत फिरले. तिसऱ्यांदा आत जाऊन सांगितलं. "मी पण विचारायला पाहिजे होतं," म्हणाले. "निबंध मागं घे. पत्र तूच लिही."

लिहिलं. वर्षभरानं त्याच लाटा बर्फात किती आतवर टिकतात, यावर माझा छोटासा लेख छापून आला. फोनवर अप्पांना सांगितलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "अन् बर्फ किती जाड हाय, ते कळतंय का त्यातून?"

"अजून नाही, अप्पा," मी म्हटलं, आणि फोन ठेवून पुन्हा कॉम्प्युटरपुढं बसले.